रक्तदान : समाजऋण फेडण्याचा नियमित मार्ग

रक्ताला अद्याप कृत्रिम पर्याय सापडलेला नाही. पैसे घेऊन रक्त देणाऱ्या व्यावसायिक दात्यांची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८पासून देशात बंद झाली. तेव्हापासून रक्तपेढ्यांची सारी भिस्त विनामोबदला रक्त देणाऱ्या नागरिकांवर आहे.

दात्याच्या वजनानुसार ३५० किंवा ४५० मिलिलीटर रक्त घेतले जाते. त्यातील घटक वेगळे करून एकाहून अधिक रुग्णांना देता येतात. मात्र हा साठा फार काळ टिकत नाही. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस, तर डेंगी वा कर्करोगाच्या रुग्णांना लागणाऱ्या प्लेटलेट अवघे पाच दिवस वापरता येतात. त्यामुळे जयंती, वाढदिवसानिमित्त एकाच वेळी भरणाऱ्या शिबिरांतील रक्त वर्षभर पुरत नाही. महाविद्यालयांना सुटी लागली, की मे महिन्यात टंचाई जाणवू लागते. थॅलेसेमियाग्रस्त मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावेच लागते.

रक्तदात्याचे वय १८ ते ६५ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे. पुरुषांना तीन, तर स्त्रियांना चार महिन्यांच्या अंतराने पुन्हा रक्तदान करता येते. उपाशीपोटी रक्तदान करू नये. आजार, औषधे यांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये. कारण ते रक्त दुसऱ्याच्या शरीरात जाणार असते. शिबिराची वाट न पाहता जवळच्या रक्तपेढीत ठरावीक काळाने जाणारा दाताच टंचाईच्या दिवसांत रुग्णांच्या उपयोगी पडतो.