गव्हाचा अंदाज: आणेवारीपासून उपग्रहापर्यंत

विंचूर परिसराचं फेब्रुवारीतलं उपग्रहचित्र उघडून बघा. गहू, उन्हाळ कांदा, द्राक्षबागा शेजारी शेजारी, आणि सगळंच कमीजास्त हिरवं. इथे तुम्हाला दोन प्रश्न सोडवायचे आहेत: गहू किती हेक्टरवर आहे, आणि हेक्टरी उतारा किती येईल? संशोधनाला सुरुवात करताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. त्यांचा इतिहासही वेगळा आहे.

भारतात गव्हाचा पहिला सरकारी अंदाज 1884 सालचा. सुएझ कालव्यानंतर इथला गहू युरोपात जाऊ लागला होता, त्यामुळे आकडा हवा होता. क्षेत्र गावच्या दप्तरातून मिळायचं. उतारा मात्र नजरेने ठरायचा: सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, बाकी अंदाजपंचे.

1940 च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी हे बदललं. शेत आणि त्यातला तुकडा यादृच्छिक पद्धतीने निवडायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचं. हाच पीक कापणी प्रयोग. महालनोबिस छोटे तुकडे वापरत. सुखात्मेंचा आक्षेप असा की छोट्या तुकड्यात कडेची रोपं आत धरली जातात आणि उतारा फुगतो.

उपग्रहाने मुख्यतः पहिला प्रश्न सोपा केला. 1972 मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेतून प्रचंड गहू उचलला आणि बाजार गाफील राहिला. त्यानंतर 1974 मध्ये नासा आणि अमेरिकी कृषी खात्याने उपग्रहातून गहू मोजण्याचा मोठा प्रयोग सुरू केला. आपला आयआरएस-1ए 17 मार्च 1988 ला गेला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा पिक्सेल 72.5 मीटरचा, म्हणजे साधारण अर्धा हेक्टर. विंचूरसारख्या ठिकाणी तेवढ्यात गहूही येतो आणि कांदाही! आज सेंटिनेल-2 चा पिक्सेल 10 मीटरचा आहे, म्हणून बांधापलीकडचं पीक वेगळं काढता येतं.

पण हिरवेपणा पानाचा असतो, दाण्याचा नाही. दाणा भरताना ऊन वाढलं तर उतारा घटतो. म्हणून हवामान लागतं. पुण्यात कृषी हवामानशास्त्र विभाग 1932 पासून आहे. वाणही लागतो: त्र्यंबक, तपोवन हे वाण विंचूरजवळच्या निफाड केंद्राचे, आणि वाण किंवा पेरणीची तारीख बदलली की त्याच उन्हाचा परिणाम बदलतो. 2022 चा मार्च आठवा. फेब्रुवारीतला सरकारी अंदाज 11.13 कोटी टन होता, उष्णतेच्या लाटेनंतर मे महिन्यात तो 10.64 कोटींवर आला. 13 मे ला निर्यातबंदी झाली. चांगल्या भावाच्या आशेने घरात गहू ठेवलेल्या शेतकऱ्याला हा फरक थेट भोवतो.

त्यामुळे एखाद्या शोधनिबंधात ‘95 टक्के अचूकता’ दिसली की आधी विचारा: कशाची, क्षेत्राची की उताऱ्याची? उताऱ्याची असेल तर पुढचा प्रश्न: पडताळणीसाठी गहू प्रत्यक्ष कोणी कापला, किती ठिकाणी? मॉडेल त्या वजनकाट्यावरूनच शिकतं. काट्यावरचा आकडा चुकीचा असेल तर चित्र कितीही बारीक असो, अंदाज चुकणारच.