जुन्या डिफेंडरची रास्त किंमत आणि महापुराची तारीख

साधनं कशी तपासायची, असं तुम्ही विचारता. आज दप्तरखाना बाजूला ठेवू आणि सांगलीतला जुन्या गाड्यांचा बाजार घेऊ.

समजा, २०२१ च्या सुरुवातीला नोंदलेली लँड रोव्हर डिफेंडर विकायला आहे. मालक सांगतो ती किंमत नव्हे, अपेक्षा. बखरीतल्या सैन्याच्या आकड्यासारखीच ती वाचा. विम्याच्या कोष्टकात घसारा ठरलेला असतो: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, पाचव्या वर्षी ५० टक्के. पुढे मात्र मालक आणि कंपनीने आपसात ठरवायचं. म्हणजे कोष्टक संपलं की पुरावा लागतो.

इथे कालक्रम कामी येतो. ही नवी डिफेंडर भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये आली. त्यामुळे ऑगस्ट २०१९ चा महापूर, ज्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तिने पाहिलेला नाही. जुलै २०२१ चा पाहिलेला असू शकतो. एमएच १० पाटी म्हणजे बुडालेली असं नाही, आणि एमएच १२ म्हणजे कोरडी असंही नाही. विम्याचे दावे, सर्व्हिसच्या नोंदी बघा. मग सीटबेल्ट पूर्ण ओढून चिखलाचा डाग शोधा. कागद आणि वस्तू एकमेकांना दुजोरा देतात का?

नेमक्या त्याच महिन्यांच्या नोंदी गायब असतील तर? पुरावा नाही म्हणजे गाडी बुडाली नाही, असं होत नाही. प्रबंधात ही चूक तळटिपेत दुरुस्त होते. इथे घरची जमापुंजी जाते. म्हणून त्या मौनाचीही किंमत धरा आणि भावातून वजा करा.