प्राध्यापकाने स्वतः जायचं का? वेमोर्कचं जड पाणी, हेर आणि कमांडो

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरचा रात्री साडेअकराला मेसेज आला. एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष, सोबत सीडीएसची तयारी. "ताई, सिलेक्शन झालंच तर इंटेलिजन्सकडे बघू की पॅरा एसएफकडे? डोकं म्हणतं पहिलं, मन म्हणतं दुसरं." मी आधी उत्तर दिलं, "पेपर कधी आहे ते सांग." मग झोप लागेना. कारण हा प्रश्न माझ्या थिसिसमधल्या एका माणसाने १९४१ ते १९४५ अशी चार वर्षं सोबत वागवला होता, आणि तोही आपल्यासारखाच प्रयोगशाळेतून आलेला होता.

तुमच्यापैकी जे नवीन वाचक आहेत त्यांच्यासाठी: मी मूळची रसायनशास्त्राची. आता पीएचडी विज्ञानाच्या इतिहासात करते आहे आणि माझा विषय आहे दुसऱ्या महायुद्धातलं जड पाणी. त्यामुळे आजच्या लेखात थोडी केमिस्ट्री येणार. इलाज नाही.

या विषयावर १९६५ साली 'द हीरोज ऑफ टेलिमार्क' नावाचा इंग्रजी सिनेमा आला. त्यात कर्क डग्लस नॉर्वेतला विज्ञानाचा प्राध्यापक आहे. तोच कारखान्याचं गुपित ओळखतो, तोच डोंगर चढतो, तोच स्फोटकं लावतो. सिनेमा म्हणून झकास. पण खऱ्या घटनेत ही कामं मुद्दाम वेगवेगळ्या माणसांत वाटलेली होती. ती एकाच माणसाकडे का दिली नाहीत, हे कळलं की ज्युनिअरच्या प्रश्नाचा खरा कस कळतो.

खरा प्राध्यापक लाइफ ट्रॉनस्टाड. जन्म १९०३चा, ट्रॉन्डहाइमच्या तंत्रविद्यापीठात १९३६ पासून प्राध्यापक. त्याच्या काही वर्षं आधी त्याने आणि योमार ब्रून या इंजिनिअरने मिळून नॉर्स्क हायड्रो कंपनीच्या वेमोर्क इथल्या कारखान्यात जड पाणी वेगळं करण्याची यंत्रणा आखली होती. वेमोर्क म्हणजे र्‍युकान गावाजवळ खोल दरीच्या काठावरचं जलविद्युत केंद्र. स्वस्त वीज भरपूर, म्हणून तिथे पाण्याचं विद्युत विघटन करून हायड्रोजन काढायचे आणि त्यापासून अमोनिया, म्हणजे शेवटी खत. आता साध्या पाण्यात साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो. विघटनात हलका हायड्रोजन आधी निघून जातो, उरलेल्या पाण्यात ड्युटेरियम वाढत जातं. पुन्हा विघटन, पुन्हा उरलेलं पाणी, असं करत करत शेवटी जवळजवळ शुद्ध जड पाणी. खताच्या कारखान्याचं हे जोडउत्पादन. (आपल्याकडे नंगलला १९६२ साली सुरू झालेला पहिला जड पाण्याचा कारखानाही खत कारखान्याला जोडूनच होता. ही जोडी योगायोगाची नाही.)

१९३९ पर्यंत हे पाणी म्हणजे प्रयोगशाळांची हौस होती. अणुविखंडनाचा शोध लागला आणि चित्र पालटलं. साखळी प्रक्रिया चालवायची तर न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं काहीतरी लागतं, आणि जर्मन शास्त्रज्ञांनी त्यासाठी जड पाण्याची वाट धरली. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि जगात औद्योगिक प्रमाणावर जड पाणी बनवणारा एकमेव कारखाना त्यांच्या हाती आला.

ट्रॉनस्टाड तेव्हा ट्रॉन्डहाइममध्येच होता. तो गुप्त गटात सामील झाला आणि वेमोर्कमधून जर्मन किती माल मागतायत याची माहिती ब्रिटनला पोहोचू लागली. इथे एक गोष्ट नीट बघा. ही माहिती काढायला त्याला कुठे भिंत चढावी लागली नाही. तो त्या यंत्रणेचा जन्मदाता होता, ब्रून तिथे मुख्य इंजिनिअर होता. मागणीचा आकडा वाढला, एवढ्या एका गोष्टीचा अर्थ काय, हे कळायला केमिस्ट लागतो. पहारेकऱ्याला तो आकडा दाखवला असता तर त्याने जांभई दिली असती. हेरगिरीतलं बरंचसं काम असं असतं: आकडा समोरच असतो, तो वाचणारा नसतो.

१९४१च्या शरद ऋतूत गट फुटू लागला तेव्हा ट्रॉनस्टाड बायको आणि दोन मुलांना मागे ठेवून स्वीडनमार्गे इंग्लंडला निसटला.

लंडनमध्ये दोन वेगळी दुकानं होती. एक जुनी गुप्तवार्ता संस्था, एसआयएस. दुसरी जुलै १९४० मध्ये घाईने उभी केलेली एसओई, जिचं काम घातपात. दोघांचं पटायचं नाही, आणि त्यामागे नुसता अहंकार नव्हता. हेराला शांतता हवी असते. रोज तीच गाडी, तोच पहारेकरी, तीच सवय. घातपात करणारा एक रात्र येऊन मोठा आवाज करून जातो, आणि मग सगळ्या भागात धरपकड सुरू होते, हेराची मांडलेली चूल विस्कटते. म्हणजे ज्युनिअरने विचारलेल्या दोन वाटा नुसत्या वेगळ्या नाहीत, बऱ्याचदा त्या एकमेकींच्या आड येतात.

ट्रॉनस्टाड नॉर्वेच्या निर्वासित लष्करी मुख्यालयात मेजर झाला आणि या दोन्ही दुकानांच्या मधल्या बोळात बसला. एसओईच्या नॉर्वे विभागाचा प्रमुख कर्नल विल्सन हा पूर्वी कलकत्त्याच्या पोलिसांत अधिकारी होता. मला हे वाचून उगाचच आनंद झाला होता, थिसिसमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

आता एक नियम समजून घ्यायचा तर थोडं बाजूला, फ्रान्सच्या किनाऱ्यावर जावं लागेल. आर. व्ही. जोन्स. ऑक्सफर्डचा डॉक्टरेट झालेला भौतिकशास्त्रज्ञ, सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश हवाई मंत्रालयात वैज्ञानिक गुप्तवार्तेचं काम सुरू केलं तेव्हा वय २७. माझ्यापेक्षा एक वर्षाने लहान, हे मी स्वतःला फार वेळा आठवू देत नाही. ब्रूनव्हालजवळच्या कड्यावर जर्मनांचं व्हुर्झबर्ग रडार आहे हे त्याच्या गटाने हुडकलं. ते उचकटून आणायला २७-२८ फेब्रुवारी १९४२च्या रात्री पॅराशूट तुकडी उतरली. रडार ओळखणारा कोणीतरी सोबत हवाच होता. डॉन प्रीस्ट नावाचा शास्त्रज्ञ निघालाही, पण त्याला समुद्रात बोटीवरच थांबवलं होतं. तो पकडला गेला तर ब्रिटनचं सगळं रडार जर्मनांच्या हाती गेलं असतं. किनाऱ्यावर उतरला तो फ्लाइट सार्जंट कॉक्स: युद्धाआधी सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवणारा, आता रडार मेकॅनिक, आयुष्यात कधी विमानात न बसलेला. त्याने गोळीबारात रडारचे भाग सोडवले आणि सुखरूप आणले.

तर नियम असा: ज्याला जास्त माहीत आहे त्याने जायचं नाही, आणि जो जाणार त्याला जास्त सांगायचं नाही. ज्युनिअर म्हणते "डोकं विरुद्ध मन". मला कागदपत्रांत दिसतं ते वेगळं आहे. तुमच्या डोक्यात काय काय साठलंय यावर तुम्हाला कुठे जाता येईल हे ठरतं, आणि हा साठा नंतर रिकामा करता येत नाही.

वेमोर्कवरचा पहिला हल्ला १९ नोव्हेंबर १९४२ला झाला, ब्रिटिश सैनिक ग्लायडरमधून पाठवून. दोन्ही ग्लायडर कोसळले, एक ओढणारं विमानही डोंगरावर आदळलं. एकूण ४१ माणसं गेली. त्यातले जे अपघातातून वाचले होते त्यांना जर्मनांनी ठार केलं. शिवाय अवशेषांत नकाशा सापडला आणि लक्ष्य कोणतं हे शत्रूला कळलं. दुसरा हल्ला करायचा का, हा प्रश्न जोन्सकडे आला. त्याने आठवणींत आपला तर्क नोंदवलाय: हल्ला गरजेचा आहे हे आपण शांत डोक्याने आधी ठरवलं होतं, माणसं जाणार हे तेव्हाही गृहीत होतं, मग आता ती खरंच गेली म्हणून निर्णय बदलायचा आधार काय? तो स्वतः लंडनमध्ये सुरक्षित बसून हे सांगत होता, आणि हे त्याला टोचत होतं. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तर्क पटला आणि माणूस आवडला नाही. आता दोन्हींबद्दल मत थोडं बदललंय.

दुसऱ्या वेळी नॉर्वेजियन मुलं गेली. प्रमुख योआकिम रॉनेबर्ग, वय २३, वेमोर्क आयुष्यात न पाहिलेला. पण तोवर ब्रून लंडनला आला होता. त्याच्या आणि ट्रॉनस्टाडच्या माहितीवरून हर्टफर्डशरमधल्या एसओईच्या प्रशिक्षण केंद्रात विघटन पात्रांची लाकडी प्रतिकृती उभी केली, आणि मुलांनी अंधारात हात बसेपर्यंत तिच्यावर स्फोटकं लावून पाहिली. तारा आत नेणाऱ्या अरुंद बोगद्याची वाटही अशीच कागदावरून शिकलेली. २७-२८ फेब्रुवारी १९४३, ब्रूनव्हालनंतर बरोबर एक वर्ष. ते दरी उतरले, गोठलेली नदी ओलांडली, वर चढले. रॉनेबर्गने दोन मिनिटांची वात तीस सेकंदांवर कापली. अठरा पात्रं फुटली, सुमारे ५०० किलो जड पाणी गटारात गेलं, एकही गोळी सुटली नाही. त्यांच्यापैकी काही जण मग स्कीवरून सुमारे ४०० किलोमीटर तुडवत स्वीडनला पोहोचले.

संशोधनाच्या दृष्टीने इथे एक सापळा आहे, आणि मी त्यात सहा महिने अडकले होते. त्या एका रात्रीला सुरुवात, मध्य, शेवट आहे. तिच्यावर पुस्तकं आहेत, सिनेमा आहे. त्यामागचं दीड वर्षाचं काम मात्र तुटक निरोपांत आणि मागणीच्या आकड्यांत विखुरलंय. एसओईच्या फायली १९९०च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्या, एसआयएसच्या तशा झाल्याच नाहीत. म्हणून नुसती फायलींची जाडी बघून "कोणाचं काम मोठं" ठरवायला जाऊ नका. तुमचा विषय कोणताही असो, आधी विचारा की ज्याने गप्प राहायचं ठरवलं होतं त्याचा कागद कुठे असेल.

एवढं करून काही महिन्यांत कारखाना पुन्हा चालू झाला. नोव्हेंबर १९४३ मध्ये अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले, त्यात स्थानिक नागरिक मेले. मग जर्मनांनी उरलेलं जड पाणी जर्मनीला हलवायचं ठरवलं. वाटेत टिन सरोवर, आणि सरोवरावर प्रवासी फेरी. क्नुट हॉकेलिड तिथेच राहिला होता. त्याने आणि कारखान्यातल्या माणसांनी बिनतारी संदेशाने लंडनला विचारलं: खरंच गरज आहे का? बोटीवर आपलीच माणसं असतील. लंडनचं उत्तर आलं: आहे. २० फेब्रुवारी १९४४, रविवारी सकाळी फेरी बुडाली. १८ मेले, त्यातले १४ नॉर्वेजियन.

आज आपल्याला माहीत आहे की १९४२च्या मध्यापासूनच जर्मन अणुकार्यक्रम बॉम्बच्या दिशेने जोर लावून चाललेला नव्हता. लंडनला हे खात्रीने माहीत नव्हतं. कारखान्यात किती लिटर बनतं हे त्यांना अचूक कळत होतं, त्या लिटरांचं बर्लिनमध्ये काय होतंय हे नाही. त्या चौदा माणसांचा हिशेब या फटीत अडकलेला आहे. मला तो अजून सोडवता आलेला नाही आणि माझ्या गाइडनाही.

ट्रॉनस्टाड या निर्णयांमध्ये होता. त्याने आखलेली यंत्रणा, त्याच्या ओळखीची माणसं, त्याच्याच देशातले प्रवासी. त्याने स्वतः जाऊ नये याची कारणं ब्रूनव्हालइतकीच उघड होती, उलट त्याला प्रीस्टपेक्षा कितीतरी जास्त माहीत होतं. तरी ऑक्टोबर १९४४ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी, त्याने पॅराशूटने नॉर्वेत उडी घेतली. काम या वेळी फोडण्याचं नव्हतं: माघार घेणाऱ्या जर्मनांपासून वीजकेंद्रं आणि कारखाने वाचवायचे होते. वेमोर्कसुद्धा.

११ मार्च १९४५. डोंगरातल्या एका झोपडीत तो आणि गुन्नार सिव्हरस्टाड एका नाझीधार्जिण्या अधिकाऱ्याची चौकशी करत होते. सिव्हरस्टाड म्हणजे वेमोर्कच्या प्रयोगशाळेतलाच माणूस, फेरीच्या कटातलाही. त्या अधिकाऱ्याचा भाऊ बंदूक घेऊन आत शिरला. दोघेही तिथेच मेले. नॉर्वे मुक्त व्हायला दोन महिने उरले होते.

हा मसुदा मी ज्युनिअरला पाठवला. पुण्यातच मिलिटरी इंटेलिजन्सचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथल्या कोणा निवृत्त अधिकाऱ्याशी बोल, माझ्यापेक्षा बरं सांगतील, असंही लिहिलं. तिचं उत्तर आलं, "ते बघते. पण ताई, त्या ब्रूनचं काय झालं?"

ब्रून जगला. १९८५ साली त्याचं वेमोर्कवरचं पुस्तक आलं. ते नॉर्वेजियनमध्ये आहे. मी शब्दकोश शेजारी ठेवून रोज दोन पानं वाचते आहे, आणि अजून तो लंडनला पोहोचलेला नाही.