एका पौंडाचं वचन



1904 साली इंग्लंडातल्या हडर्सफील्ड शहरी एक नवलाची गोष्ट घडली. हडर्सफील्ड म्हणजे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. बेंजामिन ब्रॉडबेंट नावाचे गृहस्थ त्या वर्षी तिथले मेयर झाले. त्यांनी लाँगवुड भागातल्या आयांना वचन दिलं, की माझ्या कारकिर्दीत जन्मलेलं मूल वर्षाचं झालं, की त्याला मी एक पौंड देईन. एक पौंड म्हणजे तेव्हा साध्या मजुराची जवळजवळ आठवड्याची मजुरी!

तुम्ही म्हणाल, मूल वर्षाचं झालं यात बक्षीस कशाचं? पण त्या काळी तेच अवघड होतं. 1899 साली इंग्लंड आणि वेल्समध्ये दर हजार जन्मांमागे 163 मुलं पहिला वाढदिवस न पाहता गेली. म्हणजे सहांतलं एक. आणि हे कुठं? तर जगात सर्वांत श्रीमंत म्हणवणाऱ्या देशात! थोरांचे मृत्यू तीस वर्षं कमी होत आले होते, तान्ह्यांचे मात्र हटत नव्हते.

ही मुलं मरत कशानं? हिवाळ्यात छातीच्या विकारानं आणि उन्हाळ्यात हगवणीनं. गिरणगावांतल्या दाट वस्तीत धुऊन काढता येतील असे संडास थोडे. मैला परसातल्या खड्ड्यांत साचे. रस्त्यावर घोड्यांची लीद. त्यावर माश्या घोंगावत आणि त्याच घरातल्या दुधावर बसत. दूध गवळीवाड्यातून उघडंच येई. बाळाच्या बाटलीला लांब रबरी नळी असे, ती आतून कधी स्वच्छ होतच नसे. अंगावर पिणारं मूल बहुधा तरे. बाटलीवरचं मूल उन्हाळ्यात दगावे.

दोष कोणाचा? पुष्कळ शहाण्यांनी बोट दाखवलं आईकडे. ती अडाणी, ती निष्काळजी, ती गिरणीत जाते! पण लंडनच्या लँबेथ भागात मॉड पेंबर रीव्हज आणि त्यांच्या मैत्रिणींनी 1909 पासून चार वर्षं घरोघर जाऊन जमाखर्च पाहिला, तेव्हा निराळंच दिसलं. आठवड्याच्या पौंड-सव्वा पौंडातले सात-आठ शिलिंग भाड्यातच जात. उरलेल्यात कोळसा, पाव आणि बटाटे. दूध परवडेना, आणि परवडलं तरी थंड ठेवायला जागा नाही. आई स्वतः अर्धपोटी राहून घर चालवी. अक्कल होती, पैसा नव्हता.

मग उपाय काय झाले? सेंट हेलन्स गावानं 1899 साली निर्जंतुक दुधाचं केंद्र उघडलं. सुइणींना शिक्षण व नोंदणी लागू करणारा कायदा 1902 साली झाला. आणि हडर्सफील्डनं एक साधी गोष्ट ओळखली : मूल जन्मलं हेच मुळी उशिरा कळतं, तोवर ते गेलेलंही असतं! म्हणून जन्माची वर्दी ताबडतोब द्यायची, आणि लगेच बाईमाणसानं घरी जाऊन आईची विचारपूस करायची. 1907 साली तसा कायदा झाला. 36 तासांत वर्दी. आधी तो गावोगावच्या मर्जीवर होता, 1915 साली सर्वांना सक्तीचा झाला.

आकडा उतरू लागला. 1910 साली 105. 1911 चा उन्हाळा मात्र भाजून काढणारा आला आणि आकडा पुन्हा 130 वर चढला! पुढल्याच वर्षी तो 95 झाला. यावरून काय दिसतं? नुसत्या उपदेशानं भागत नाही. संडास, पाणी, दूध आणि आईचं पोट ही चारही सुधारावी लागतात. घोडे जाऊन मोटारी आल्या, घरात मुलं कमी झाली, यांचाही त्यात वाटा होता. सारं श्रेय एकाच उपायाला देता येत नाही. आज तिथं हा आकडा हजारी चारच्या आसपास आहे.

गुरुजी, वर्गात हे आकडे फळ्यावर मांडा आणि मुलांना विचारा, 1911 साली काय झालं असेल? पोरं बरोबर माशीपर्यंत पोचतील. आणि बंधुभगिनींनो, एखादं तान्हं दगावलं, तर आईला बोल लावण्याआधी तिच्या घरी जाऊन या. तिची चूल, तिचा माठ, तिचं ताट पाहा. हडर्सफील्डला शहाणपण आलं ते असंच, दुसऱ्याच्या दारात उभं राहून.