खणाखणांचा वाडा

पुण्याच्या शनिवार, नारायण आणि सदाशिव या पेठांना आज जी प्रतिष्ठा आहे आणि तेथील जमिनीला जे मोल आहे, त्याचे मूळ अठराव्या शतकात त्या ज्या रीतीने वाढल्या त्या रीतीत शोधावे लागते. पेठ म्हणजे मुळात बाजार. सरकारकडून कौल, म्हणजे करात सूट देणारे अभयपत्र, घेऊन ती वसवली जाई आणि व्यापारी व कारागीर यांना तेथे जागा दिली जाई. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला आणि पेशव्यांचा दरबार पुण्यात स्थिरावला, तसे सरदार, सावकार आणि कारकून या पेठांकडे वळले. पानिपतावर १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची पेठ याच भरभराटीच्या काळातली.

या श्रीमंतीची खरी खूण वाड्याच्या उंचीपेक्षा त्याच्या चौकातल्या पाण्यात होती. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजच्या ओढ्यावर बंधारे घालून तलाव बांधवले आणि तेथून दगडी बांधणीच्या भुयारी नळाने केवळ उताराच्या बळावर शहरात पाणी आणले. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे नळातील हवा बाहेर पडावी आणि गाळ काढता यावा यासाठी उभारलेले मनोरे, होते. काळा हौद, फडके हौद, नाना हौद असे सार्वजनिक हौद शहरात बांधले गेले आणि मातब्बरांच्या वाड्यांत खासगी हौद आले. मात्र या पाण्यावर सर्वांचा हक्क नव्हता. अस्पृश्य मानलेल्यांना सवर्णांच्या हौदाला हात लावता येत नसे, आणि म्हणूनच महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली गंज पेठेतील आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, ही घटना पेठांच्या इतिहासात कोणत्याही वाड्याच्या वास्तुशांतीपेक्षा मोठी मानली पाहिजे.

वाड्याची बांधणी लाकडी सांगाड्यावर उभी असे. घडीव दगडाच्या जोत्यावर सागवानी खांब आणि तुळया यांची चौकट रचून तिच्या मधल्या जागा विटांनी किंवा पांढरीच्या मातीने, म्हणजे जुन्या गावठाणातील चिकट मऊ मातीने, भरत. वर कडीपाट, म्हणजे बारीक तुळयांवर फळ्या बसवून केलेले छत, असे. मोठ्या दारातील लहान दिंडी दरवाजातून वाकून आत गेले की देवडी, पुढे चौक, त्याच्या कडेने ओसरी, मग माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर, असा बाहेरून आत जाणारा मर्यादेचा क्रम लागे. दुसऱ्या बाजीरावाने १८०७च्या सुमारास पुरा केलेल्या विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी सज्जात सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब आजही दिसतात. अशा घराचे माप खणात सांगत, आणि खण म्हणजे दोन खांबांमधील जागा. या मापातच वाड्याचे पुढचे भवितव्य दडलेले होते, कारण खणांत बांधलेले घर खणांत वाटताही येते.

पेशवाई १८१८ साली बुडाली, अनेकांच्या नेमणुका गेल्या, भाऊबंदकीत वाडे वाटले गेले. त्यानंतर न्यू इंग्लिश स्कूल (१८८०), फर्ग्युसन कॉलेज (१८८५) आणि सरकारी कचेऱ्या यांच्यामुळे बाहेरगावचे विद्यार्थी आणि नोकरदार येऊ लागले, तेव्हा मालकांनी दोन-दोन, तीन-तीन खण भाड्याने दिले आणि वाड्यात बिऱ्हाडे आली. गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत, म्हणजे आठवड्यातील प्रत्येक वारी ठरलेल्या वेगळ्या घरी त्यांचे पान मांडलेले असे. पेठांची विद्येबद्दलची ख्याती या जेवणावळींनीही पोसली. एका चौकात नळ, न्हाणी, तुळशीवृंदावन आणि शौचकूप समाईक असल्याने मालक आणि बिऱ्हाडकरू यांचे जगणे एकमेकांत गुंतलेले राहिले, जरी मालकीचा कठोर भेद कधी पुसला गेला नाही.

१९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला बांधली. बिऱ्हाडकरूला आसरा मिळाला, पण त्या भाड्यातून कौले शाकारण्याचा खर्चही निघेना आणि वाडे ढासळू लागले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले, तेव्हा नदीकाठच्या पेठांत शिरलेल्या पाण्याने पांढरीच्या मातीच्या भिंती विरघळवून टाकल्या. लाकडी सांगाडे उघडे पडले आणि शेकडो घरे आडवी झाली.

उरलेले बहुतेक वाडे पुढील दशकांत मालक, भाडेकरू आणि बांधकाम व्यावसायिक यांच्यातील करारांनी पडले. हौद बुजवून तेथे गाड्या उभ्या करण्याची जागा झाली, कडीपाटाचे सागवान जुन्या बाजारात गेले, आणि दोन खणांच्या बिऱ्हाडाचा हक्क नव्या इमारतीत सदनिकेच्या रूपाने मिळाल्यामुळे अनेक ठिकाणी मालकाचा नातू आणि भाडेकरूचा नातू एकाच जिन्याने वर जाऊ लागले. दोघांच्याही घराचे माप आता चौरस फुटांत लिहिले जाते.