शिंगे असलेली नायिका आणि तिचे भांडखोर प्रेक्षक

जपानी अ‍ॅनिमे म्हटले की आपल्याकडे डोरेमॉन आठवतो, नाहीतर शिनचॅन. जरा मोठ्या वयाच्या मंडळींना १९९३ साली दूरदर्शनवर लागणारे ‘जंगल बुक’ आठवेल. तो मोगली जपानी होता, निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने १९८९ साली बनवलेला, हे त्यावेळी फार थोड्यांना ठाऊक होते. शेरखानला हिंदीत आवाज नाना पाटेकरांचा, त्यामुळे वाघ तर घरचाच वाटायचा. या सगळ्यामुळे अ‍ॅनिमे म्हणजे मुलांसाठीची चित्रे असा आपला समज झाला तर त्यात नवल नाही. प्रत्यक्षात जपानमध्ये ही चित्रे गुन्हेगारीपासून अध्यात्मापर्यंत सगळे काही सांगतात, आणि त्यातला एक मोठा संसार विनोदी प्रेमकथांचा आहे. या संसाराचे मूळ घर म्हणता येईल अशी एक मालिका आहे, ‘उरुसेइ यात्सुरा’. तिच्या गोष्टीइतकीच तिच्या प्रेक्षकांची गोष्टही रंगतदार आहे.

नावापासूनच गंमत सुरू होते. ‘उरुसाइ’ म्हणजे कटकट्या, गोंगाट करणारा. त्या शब्दाचे बोलीतले रूप ‘उरुसेइ’, आणि त्यातल्या शेवटच्या ‘सेइ’साठी लेखिकेने ग्रह किंवा तारा या अर्थाचे चिन्ह वापरले. म्हणजे झाले, ‘कटकट्या ताऱ्यावरची मंडळी’. लेखिका रुमिको ताकाहाशी. जन्म १९५७, निइगाताचा. टोकियोत विद्यापीठात शिकत असतानाच त्यांनी १९७८ साली ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात ही चित्रकथा सुरू केली. ‘शोनेन’ म्हणजे मुलगे. साप्ताहिक मुलग्यांसाठीचे आणि लिहिणारी, चितारणारी विशीतली मुलगी. जपानी चित्रकथांना मांगा म्हणतात हे आता आपल्याकडेही बऱ्याच जणांना माहीत आहे.

कथा अशी. आतारु मोरोबोशी हा शाळकरी मुलगा जगातला सर्वांत दुर्दैवी. जन्म तेरा तारखेचा, त्यात शुक्रवार, त्यात जपानी पंचांगातला बुत्सुमेत्सु, म्हणजे आपल्या अमावास्येसारखा अशुभ मानलेला दिवस. परग्रहावरचे राक्षस पृथ्वी जिंकायला येतात आणि संगणक पृथ्वीचा प्रतिनिधी म्हणून नेमका यालाच निवडतो. अट अशी की राक्षसराजाची मुलगी लम हिच्याशी पकडापकडी खेळायची, दहा दिवसांत तिची शिंगे धरायची. नाही जमले तर पृथ्वी गेली. लम हवेत उडते. नऊ दिवस आतारु आपटतो. शेवटी त्याची मैत्रीण शिनोबु सांगते, जिंकलास तर तुझ्याशी लग्न करीन. तो कसाबसा शिंगे धरतो आणि ‘आता लग्न करता येईल’ म्हणून ओरडतो. लमला वाटते हे आपल्यालाच म्हटले. झाले! ती त्याच्या घरी मुक्कामालाच येते.

इथे एक ऐतिहासिक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. लम नायिका म्हणून जन्मलीच नव्हती. ताकाहाशींच्या डोक्यात ती पहिल्या गोष्टीपुरती पाहुणी होती. नायिका शिनोबु. दुसऱ्या प्रकरणात लम नाहीच, तिसऱ्यात परतली आणि मग गेलीच नाही. जपानी साप्ताहिकांत वाचकांना आपले मत कळवण्यासाठी पोस्टकार्ड जोडलेले असते, आणि कोणती गोष्ट राहणार, कोणती गुंडाळायची हे त्या कार्डांवरून ठरते. अशा बाजारात वाघाच्या कातड्याची बिकिनी घालणारी, चिडली की विजेचा झटका देणारी, आतारुला ‘डार्लिंग’ म्हणणारी मुलगी एका गोष्टीपुरती राहील हे शक्यच नव्हते. तिचे नाव हवाईची मॉडेल अ‍ॅग्नेस लम हिच्यावरून घेतलेले. जपानीत ल आणि र यांत फरक नाही, त्यामुळे जपानी तोंडात ते ‘रामु’ असे उमटते.

लमचा तो वाघाचा पोशाख निव्वळ चावटपणा नव्हे. जपानी राक्षस, म्हणजे ‘ओनी’, याला बैलाची शिंगे असतात आणि कमरेला व्याघ्रचर्म. कारण राक्षस येतात ते ईशान्येकडून, आणि जुन्या दिशागणनेत ईशान्य म्हणजे बैल आणि वाघ यांच्यामधली दिशा. आपल्याकडे ईशान्य ही देवाची दिशा, देवघर तिथे असावे असे सांगणारे घरोघरी भेटतात. समुद्रापलीकडे तीच राक्षसांचे दार होऊन बसली! लमच्या मैत्रिणींत एक बेंतेन आहे. साखळ्या अडकवून, उडत्या दुचाकीवर बसून बंदुका चालवणारी आडदांड पोरगी. ही कोण? बेंझाइतेन, जपानच्या सात भाग्यदेवतांपैकी एक, आणि मुळातली आपली सरस्वती. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे ती जपानला पोचली, तिथे तिच्या हाती वीणेऐवजी बिवा आली. त्याच सातांतला दाइकोकुतेन हा मूळचा महाकाल, बिशामोनतेन हा वैश्रवण कुबेर. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुनच्या दिवशी जपानी घरांत भाजलेले सोयाबीन फेकून राक्षसांना बाहेर घालवतात आणि भाग्याला आत बोलावतात. मालिकेत त्याच दिवशी लमचे राक्षस आणि बेंतेनच्या भाग्यदेवता यांची वार्षिक लढाई जुंपते. शारदेच्या उत्सवाला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना ही बेंतेन पाहून आधी धक्का बसतो, मग हसू येते.

असो. १४ ऑक्टोबर १९८१ रोजी फुजी टेलिव्हिजनवर बुधवारी संध्याकाळी साडेसातला मालिका सुरू झाली. मुख्य दिग्दर्शक मामोरु ओशी, तेव्हा तिशीचे. पुढे ‘घोस्ट इन द शेल’मुळे जगभर गाजलेले ते हेच. सुरुवातीला अर्ध्या तासात दोन छोट्या गोष्टी दाखवत, नंतर एकच लांब गोष्ट. मांगा वाचणारे बरेच जण खूश नव्हते. मूळ गोष्टीशी इमान नाही, भलतेच काही घुसडतात, ही तक्रार. तक्रार खोटी नव्हती. ओशी आणि त्यांच्या लेखकांनी खरोखरच भलतेच घुसडले, आणि माझ्या मते मालिकेचा प्राण तिथेच आहे.

उदाहरण मेगानेचे. मेगाने म्हणजे चष्मा. मांग्यात लमच्या मागे लागलेली आतारुच्या वर्गातली चार पोरे आहेत. श्रीमंत, देखणा मेंदो वर्गात आला तशी ताकाहाशींनी ती पोरे जवळजवळ सोडूनच दिली. ओशींनी त्यांना धरून ठेवले. त्यातला चष्मेवाला मेगाने लमसाठी ‘रक्षक दल’ चालवतो, नियम करतो, नियम मोडणाऱ्यांवर खटले भरतो, आणि एका साध्या खाण्याच्या पदार्थावरूनही क्रांतिकारकाच्या थाटात लांबलचक भाषण ठोकतो. ओशी स्वतः तरुणपणी साठच्या दशकाअखेरच्या विद्यार्थी चळवळीत ओढले गेले होते. ती सभांतली भाषा त्यांनी एका पोरीवर झुरणाऱ्या पोराच्या तोंडी दिली. शिगेरु चिबा यांनी त्याला असा आवाज दिला की प्रेक्षक नायकापेक्षा मेगानेची वाट पाहू लागले. पण मेगाने कोण आहे? जो लमला कधीच मिळवणार नाही, तरी तिच्यावर आपला हक्क सांगतो, तिने कसे वागावे यावर मित्रांशी हमरीतुमरीवर येतो, तो म्हणजे मालिकेचा प्रेक्षकच. दिग्दर्शकाने आरसा पडद्यात ठेवला आणि प्रेक्षकांनी त्यातले आपलेच रूप पाहून टाळ्या वाजवल्या.

तो काळच तसा होता. १९७८ साली ‘अ‍ॅनिमेज’ हे मासिक निघाले. वाचक मतदान करून वर्षातली आवडती मालिका, आवडते पात्र निवडू लागले. १९७५ पासून भरणाऱ्या कॉमिक मार्केटमध्ये हौशी मंडळी स्वतः काढलेल्या पुस्तिका विकत. घरोघरी व्हिडिओ यंत्रे येऊ लागली होती, त्यामुळे बुधवारचा भाग एकदा पाहून विसरण्याची गोष्ट राहिली नाही. थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहता येऊ लागला. कुठल्या भागात कोणत्या चित्रकाराचा हात आहे हे ओळखणारे प्रेक्षक तयार झाले. आपल्याकडे कोणत्या नटाने कोणत्या प्रयोगात कुठली जागा कशी घेतली यावर रात्र रात्र वाद घालणारे जुने नाट्यरसिक असत, त्याच जातीची ही माणसे.

या प्रेक्षकांना दोन गोष्टी हव्या होत्या. आतारुने एकदा तरी लमला ‘तू मला आवडतेस’ म्हणावे, आणि मालिका कधीही संपू नये. आता तुम्हीच सांगा, या दोन्ही एकत्र कशा व्हायच्या? ज्या दिवशी तो बोलेल त्या दिवशी पकडापकडी संपली, म्हणजे गोष्टच संपली. प्रेमविनोदाच्या धंद्यातली ही जुनी अडचण आहे. आपल्या संगीत नाटकांत शेवटच्या अंकात गैरसमज दूर होऊन लग्न लागते आणि पडदा पडतो, म्हणून ते चालते. दर बुधवारी पडदा वर जाणार असेल तर काय करायचे?

पहिला चित्रपट ‘ओन्ली यू’ फेब्रुवारी १९८३ मध्ये आला. त्यात सगळी पात्रे, लग्नाचा गोंधळ, धमाल. प्रेक्षक खूश, ताकाहाशी खूश. नाखूश एकच माणूस, ओशी. फक्त मागणी तेवढे वाढले, चित्रपट काढलाच नाही, असे त्यांना वाटले. आणि ११ फेब्रुवारी १९८४ रोजी त्यांनी ‘ब्यूटिफुल ड्रीमर’ प्रेक्षकांसमोर ठेवला.

शाळेच्या वार्षिक महोत्सवाचा आदला दिवस. उद्याची तयारी, गडबड, रात्री शाळेतच मुक्काम. सकाळ होते ती पुन्हा त्याच आदल्या दिवसाची. महोत्सव येतच नाही. हळूहळू गावातली बाकीची माणसे नाहीशी होतात. विमानातून वर जाऊन पाहतात तर गाव एका अजस्र कासवाच्या पाठीवर तरंगते आहे. (आपल्याला कूर्मावतार आठवेल, पण रोख कासवावर बसून समुद्रतळाच्या राजवाड्यात गेलेल्या आणि परतल्यावर शेकडो वर्षे लोटलेली पाहणाऱ्या उराशिमा तारोच्या लोककथेकडे आहे.) अखेर कळते, हे स्वप्न आहे आणि ते लमचे आहे. डार्लिंग, आई-बाबा, मित्र, सगळ्यांसोबत असेच कायम राहावे एवढीच तिची इच्छा. स्वप्ने घडवणाऱ्या मुजाकी नावाच्या राक्षसाने ती पुरी केली.

ही इच्छा कुणाची होती हे वेगळे सांगायला नको. जे चाहते पत्रांतून, मतदानातून मागत होते तेच ओशींनी त्यांना दिले, आणि वर विचारले, यात राहवेल का तुम्हाला? मते दुभंगली. लमचा चित्रपट म्हणून आलेल्यांना लम कमी आणि तत्त्वज्ञान जास्त वाटले. दुसऱ्यांना वाटले, अ‍ॅनिमे इतकेही बोलू शकते तर! ताकाहाशींना हा चित्रपट आपल्या गोष्टीचा वाटला नाही, तो ओशींचा वाटला, आणि ते अंतर पुढेही राहिले. १९८४ सालीच ओशी मालिका सोडून गेले, काझुओ यामाझाकी आले. आज समीक्षकांच्या याद्यांत ‘ब्यूटिफुल ड्रीमर’ वर असतो आणि ‘ओन्ली यू’ फारसा कुणी काढत नाही. पण म्हणून १९८४ चे नाराज प्रेक्षक चुकीचे ठरत नाहीत. विनोद पाहायला बसलेल्या माणसाला आरसा दाखवला तर तो रागावणारच, आणि त्याने तिकिटाचे पैसे दिलेले असतात.

ताकाहाशींनी स्वतःचे उत्तर १९८७ साली दिले. मांग्याची अखेरची कथा पुन्हा तीच पकडापकडी घेऊन येते. तेच दहा दिवस, तीच शिंगे, फक्त या वेळी लमची अट वेगळी. आतारुने प्रेम आहे असे तोंडाने म्हणायचे, नाहीतर पृथ्वीवरचे सगळे जण तिला विसरतील. आतारु धावतो, पडतो, आणि बोलत नाही. पण लम विसरू नये म्हणून त्याने जपून ठेवलेले तिचे जुने, गळून पडलेले शिंग त्याच्या हातातून निसटते आणि ती काय समजायचे ते समजते. शब्द शेवटपर्यंत येत नाही. ओशींनी प्रेक्षकांना स्वप्नातून हलवून जागे करू पाहिले, ताकाहाशींनी त्यांना हवे ते दिले आणि दिलेही नाही. मला लेखिकेची युक्ती जास्त अवघड वाटते. लग्नापर्यंत नीट पोचणारी प्रेमकथा त्यांना लिहिता येत नव्हती असे नाही. त्याच वर्षांत त्या मोठ्यांच्या नियतकालिकात ‘मेझों इक्कोकु’ लिहीत होत्या, आणि १९ मार्च १९८६ रोजी १९५ भागांनंतर लमची मालिका संपली तेव्हा पुढच्या बुधवारी त्याच वेळेला तिचीच मालिका सुरू झाली.

शोगाकुकान या प्रकाशन संस्थेच्या शताब्दीनिमित्त ऑक्टोबर २०२२ ते जून २०२४ या काळात ‘उरुसेइ यात्सुरा’ नव्याने ४६ भागांत आली. या वेळी मूळ मांग्याला धरून, निवडक गोष्टी घेऊन. मोबाईल नसलेला तो जुना काळही तसाच ठेवला. नव्या प्रेक्षकांपैकी अनेकांना दिसेल त्या मुलीच्या मागे धावणारा आतारु सहन होईना, आणि हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. लमच्या झटक्यांनी त्याची भरपाई होते असे म्हणून सुटता येत नाही. जुन्यांची तक्रार उलटी. सगळे मांग्यासारखे आहे खरे, पण मेगानेची भाषणे कुठे आहेत? म्हणजे १९८१ साली ज्या घुसडण्याबद्दल ओरड झाली, चाळीस वर्षांनी तेच नाही म्हणून हळहळ. नव्या मालिकेत आतारुच्या बापाला, पोराच्या उद्योगांनी हैराण झालेल्या त्या गृहस्थाला, आवाज दिला आहे तोशियो फुरुकावा यांनी. जुन्या मालिकेत आतारु तेच होते.