शंभर इंची आरसा आणि डावीकडून पहिला माणूस

१/
जानेवारी १९३१. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना शहर. माउंट विल्सन वेधशाळेच्या ग्रंथालयात काही शास्त्रज्ञ एका रांगेत छायाचित्रासाठी उभे आहेत. त्यांत आइन्स्टाइन आहेत, प्रकाशाचा वेग मोजणारे मायकेलसन आहेत, एडविन हबल आहेत. डावीकडून पहिल्या गृहस्थाकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. त्याने चौदाव्या वर्षी शाळा सोडली होती. त्याच डोंगरावर त्याने आधी खेचरे हाकली आणि पुढे झाडलोटही केली. नाव मिल्टन ह्यूमसन. आजचा धागा त्याच्याविषयी आणि ज्या दुर्बिणीने त्याला या रांगेत आणून उभे केले तिच्याविषयी.

२/
माउंट विल्सन हा पॅसाडेनाच्या डोक्यावरचा सुमारे १,७०० मीटर उंचीचा डोंगर. समुद्राकडून येणारी हवा येथे शांत असते आणि ताऱ्यांची प्रतिमा फारशी थरथरत नाही. हे हेरून जॉर्ज एलरी हेल यांनी १९०४ मध्ये कार्नेगी संस्थेच्या पैशावर येथे वेधशाळा उभारली. जागा उत्तम होती, पण वर जायला धड रस्ता नव्हता. लाकूड, सिमेंट, लोखंड, अन्नधान्य, सारे काही खेचरांच्या पाठीवरून अरुंद वाटेने वर चढत असे. वेधशाळांच्या इतिहासात खेचरांना एखादे प्रकरण मिळायला हवे, असे मला गंमतीने नव्हे तर गांभीर्याने वाटते.

३/
१९०६ मध्ये लॉस एंजेलिसचे व्यापारी जॉन हूकर यांनी शंभर इंची, म्हणजे सुमारे अडीच मीटर व्यासाच्या आरशासाठी ४५,००० डॉलर देऊ केले. एवढा आरसा तोवर कुणी घडवलेला नव्हता. काच ओतण्याचे काम फ्रान्समधील सेंट गोबेन या कारखान्याने पत्करले. १९०८ च्या अखेरीस साडेचार टनांची ती तबकडी पॅसाडेनात पोचली. पेटी उघडली आणि सगळ्यांचे चेहरे उतरले.

४/
काच हिरवट होती, मद्याच्या बाटल्यांना वापरतात त्या जातीची. ती तीन खेपांत ओतावी लागली होती, त्यामुळे थरांच्या मध्ये बुडबुड्यांचे पडदे अडकले होते. दृक्शास्त्राचे प्रमुख जॉर्ज रिची यांनी ती निकामी ठरवली. कारखान्याने पुन्हा प्रयत्न केले, तेही फसले. अखेर तज्ज्ञांकडून तपासून घेऊन हेल यांनी त्याच बुडबुडेवाल्या काचेवर काम सुरू करण्याचा निर्णय घेतला.

५/
येथे एक गोष्ट समजून घेऊ. आपल्या घरच्या आरशात परावर्तक थर काचेच्या मागे असतो, म्हणजे प्रकाश काचेतून आत जातो आणि परत येतो. दुर्बिणीच्या आरशात चांदीचा थर काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर असतो. प्रकाश काचेत शिरतच नाही. काचेचे काम इतकेच, की आपला आकार धरून ठेवायचा. त्यामुळे ती हिरवी असो वा बुडबुड्यांनी भरलेली, वरचा पृष्ठभाग अचूक असला की झाले. तबकडी फुटणार नाही ना आणि थंडी-उष्णतेत तिचा आकार वेडावाकडा होणार नाही ना, एवढीच खरी भीती होती.

६/
१९१० मध्ये घासकाम सुरू झाले आणि ते पाच वर्षे चालले. आरशाची खोलगट वक्रता प्रकाशलहरीच्या लांबीच्या अंशाइतकी काटेकोर हवी होती. तळहाताच्या उबेने काच फुगते आणि तेवढ्या जागी सूक्ष्म उंचवटा तयार होतो. धुळीचा एखादा कण महिन्यांची मेहनत ओरखडून टाकू शकतो. म्हणून खोलीच्या खिडक्या बंद, जमीन ओली ठेवलेली आणि कारागिरांच्या अंगावर शल्यविशारदासारखे झगे व टोप्या. थोडे घासायचे, काच निवू द्यायची, मोजायचे, पुन्हा थोडे घासायचे. या पाच वर्षांच्या अवधीत हूकर वारले, पहिले महायुद्ध पेटले आणि हेल यांची प्रकृती खालावत गेली.

७/
१९१७ च्या जुलैत आरसा मालमोटारीतून डोंगरावर चढला. वर शंभर फूट व्यासाचा घुमट त्याची वाट पाहत होता. दुर्बिणीच्या हलत्या भागांचे वजन सुमारे शंभर टन होते. एवढा भार पृथ्वीच्या फिरण्याच्या गतीने, जराही धक्का न बसता ताऱ्यामागे फिरवायचा कसा? त्यावर उपाय असा, की भार वाहणारे पोकळ पिंप पाऱ्याच्या हौदात तरंगते ठेवले. फिरवण्याचे काम जुन्या लंबकाच्या घड्याळात असते तशाच युक्तीने, हळूहळू खाली उतरणाऱ्या जड वजनाच्या जोरावर चाले.

८/
१ नोव्हेंबर १९१७ च्या रात्री हेल, त्यांचे सहकारी वॉल्टर ॲडम्स आणि पाहुणे म्हणून आलेले इंग्रज कवी आल्फ्रेड नॉइस घुमटात होते. दुर्बीण गुरूकडे वळवली. दिसले ते एकावर एक चढलेले सहा-सात गुरू! अकरा वर्षांचे श्रम वाया गेले, असेच सगळ्यांना वाटले असणार. मग कुणाच्या तरी ध्यानात आले, की दिवसा काम करताना कामगारांनी घुमट उघडा ठेवला होता आणि उन्हाने आरसा तापला होता. काच निवेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. पहाटेच्या सुमारास हेल आणि ॲडम्स परत आले, दुर्बीण एका तेजस्वी ताऱ्यावर रोखली, आणि तारा टोकदार बिंदूसारखा लखलखला.

९/
त्याच वर्षी ह्यूमसन वेधशाळेत परतला होता, तोही सफाई कामगार म्हणून. त्याआधीची कथा अशी. पोरवयात उन्हाळी शिबिरासाठी तो या डोंगरावर आला आणि डोंगराच्या प्रेमातच पडला. शाळा सोडून तो वेधशाळेच्या इमारतींचे सामान वाहणारी खेचरे हाकू लागला. वेधशाळेतील अभियंत्याच्या मुलीशी, हेलन डाउडशी, १९११ मध्ये त्याचे लग्न झाले. काही वर्षे खाली मळ्यावर मुकादमी केल्यावर तो पुन्हा वर आला.

१०/
सफाईच्या जोडीला रात्रीच्या सहायकाचे काम मिळाले. घुमटाची झडप उघडणे, दुर्बीण हव्या त्या दिशेला आणणे, वजनाची यंत्रणा पुन्हा वर ओढून ठेवणे, ही ती कामे. ह्यूमसन ती करता करता छायाचित्रण शिकला. सेठ निकोल्सन या खगोलज्ञाने त्याला गणित शिकवले. त्याचा हात कमालीचा स्थिर होता आणि चिकाटी अफाट. १९२० च्या सुमारास हेल यांनी त्याला शास्त्रीय कर्मचारीवर्गात घेतले. ज्याच्याकडे शाळेचा दाखलाही नाही त्याला खगोलज्ञांच्या पंगतीत बसवणे सर्वांना रुचले नाही, हे सांगायला नकोच.

११/
'पंगत' हा शब्द मी मुद्दाम वापरला. डोंगरावर खगोलज्ञांच्या निवासाला 'मोनॅस्टरी', म्हणजे मठ, म्हणत. तेथील जेवणाच्या मेजावर जागा ठरलेल्या असत. त्या रात्री शंभर इंची दुर्बिणीवर ज्याची पाळी असेल तो मेजाच्या शिरोभागी. साठ इंची दुर्बीणवाला त्याच्या शेजारी. बाकीचे त्यानंतर. पुढे ज्या रात्री ह्यूमसनची पाळी असे, त्या रात्री खेचरे हाकलेला हा माणूस मेजाच्या मानाच्या जागी बसे.

१२/
आता ती पाळी म्हणजे काय, ते पाहू. मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून विश्व न्याहाळणारा शास्त्रज्ञ हे चित्र बरेचसे चुकीचे आहे. खरे काम काचेच्या फोटोग्राफिक प्लेटवर होई. घुमटात शेगडी पेटवायची नाही, कारण गरम हवेने प्रतिमा थरथरते. हिवाळ्यातही तेच. अंधारात, उंच मचाणावर, तासन् तास एका मार्गदर्शक ताऱ्यावर नजर खिळवून तो तारा तारेच्या फुलीवरून सरकू द्यायचा नाही. यंत्रणा जराशी मागेपुढे झाली की बटणांनी तिला सावरायचे. पहाटे प्लेट काळोख्या खोलीत नेऊन धुवायची. कधी ती कोरी निघे, कधी फुटे.

१३/
आरशाचीही देखभाल लागे. चांदी काळवंडते, आपल्या घरच्या चांदीच्या भांड्यांसारखीच. म्हणून काही महिन्यांनी आरसा नळीतून खाली उतरवायचा, जुना थर आम्लाने धुऊन काढायचा आणि रसायने ओतून नवा थर चढवायचा. १९३५ मध्ये ॲल्युमिनियमचा थर आला, तेव्हा कुठे ही कटकट कमी झाली.

१४/
एक प्रसिद्ध आठवण. १९२० च्या आसपास हार्लो शॅप्ली यांनी देवयानी तेजोमेघाच्या काही प्लेटा ह्यूमसनला तपासायला दिल्या. त्याला तेथे तेज बदलणारे तारे दिसले. त्याने शाईने खुणा केल्या. देवयानी आपल्या आकाशगंगेचाच भाग आहे, असे शॅप्ली यांचे मत होते. त्यांनी असे तारे तेथे असूच शकत नाहीत हे समजावून सांगितले, खिशातून रुमाल काढला आणि खुणा पुसून टाकल्या. ही कथा ह्यूमसनने फार उशिरा सांगितली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी ती पुरावा म्हणून नव्हे, आठवण म्हणून नोंदवतो. खुणाच पुसल्या गेल्यावर पडताळणार तरी काय? पण वेधशाळेत कुणाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा हे पदावरून कसे ठरे, ते ती नेमके सांगते.

१५/
ऑक्टोबर १९२३ मध्ये हबल यांना देवयानीत तसाच तारा सापडला. हा सेफीड प्रकारचा रूपविकारी तारा होता. अशा ताऱ्याच्या तेजबदलाचा काळ जितका लांब, तितका तो मुळात अधिक तेजस्वी. हा नियम हार्वर्डमध्ये प्लेटा तपासणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी शोधला होता. दोन वर्षांपूर्वीच त्या वारल्या होत्या. त्यांच्या नियमाने हबल यांनी अंतर काढले ते सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. आजचे मोजमाप पंचवीस लाखांचे आहे, पण नऊ लाखही पुरेसे होते. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर, स्वतंत्र दीर्घिका ठरली.

१६/
पुढचा प्रश्न वेगाचा. दीर्घिकेच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला की त्यातील रेषा तांबड्या रंगाकडे सरकलेल्या दिसतात. जितक्या अधिक सरकलेल्या, तितक्या वेगाने ती दूर जाते. लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी हे काम कितीतरी आधी सुरू केले होते, पण त्यांच्या दुर्बिणीला अंधूक दीर्घिका झेपत नव्हत्या. शंभर इंची आरशावर ती जबाबदारी ह्यूमसनवर आली. एकेका वर्णपटासाठी अनेक रात्री मिळून तीस-तीस तासांहून अधिक काळ तीच प्लेट उघडी ठेवावी लागे. पहाट झाली की ती झाकायची आणि दुसऱ्या रात्री त्याच दीर्घिकेवर पुन्हा रोखायची. तो या कामाला इतका कंटाळला, की ते सोडून देण्याच्या बेतात होता. नंतर वेगवान कॅमेरा मिळाला आणि काम सुसह्य झाले.

१७/
१९२९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एकाच अंकात, पाठोपाठ, दोन लेख आले. पहिला ह्यूमसनचा, एका दीर्घिकेच्या वेगाविषयी. हा वेग सेकंदाला सुमारे ३,८०० किलोमीटर होता, स्लायफर यांच्या सर्वांत मोठ्या नोंदीच्या दुपटीहून अधिक. दुसरा हबल यांचा. त्यात अंतर आणि वेग यांचा संबंध मांडला होता. पाठ्यपुस्तकांत दुसराच उरला. त्या दुसऱ्या लेखातील बहुतेक वेग स्लायफर यांनी मोजलेले होते आणि लेखात त्यांचा नामनिर्देशही नव्हता. बेल्जियमचे धर्मगुरू लमेत्र यांनी हा संबंध १९२७ मध्येच गणिताने मांडला होता. म्हणून २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने 'हबल-लमेत्र नियम' असे नाव सुचवले. स्लायफर आणि ह्यूमसन त्या नावातही नाहीत.

१८/
अर्थात हबल यांनी ह्यूमसनला दडपले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३१ चा त्यांचा मोठा लेख दोघांच्या नावाने आहे. तोवर ह्यूमसनचे वेग सेकंदाला २०,००० किलोमीटरच्या जवळ पोचले होते. १९५० मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. निवृत्तीनंतर, १९६१ मध्ये, त्याने एक धूमकेतूही शोधला. आणि प्लूटो? १९१९ मध्ये याच डोंगरावर त्याने नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाच्या शोधासाठी घेतलेल्या प्लेटांवर प्लूटो उमटला होता, पण कुणाला दिसला नाही. ग्रह सापडला अकरा वर्षांनी, दुसऱ्याच वेधशाळेत.

१९/
ह्यूमसनची कथा समाजमाध्यमांवर नेहमी 'जिद्द असेल तर काहीही शक्य' अशा थाटात फिरते. मला येथे थोडे थांबावेसे वाटते. त्याच काळात पॅसाडेनाच्या कार्यालयात प्लेटा मोजणाऱ्या आणि आकडेमोड करणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांच्या पदाचे नाव 'कॉम्प्युटर' होते. जिद्द त्यांच्यातही असणार. पण रात्री दुर्बिणीवर बसण्याची पाळी त्यांना मिळत नव्हती. मठात स्त्रियांना प्रवेशच नव्हता. शाळा सोडलेल्या पुरुषासाठी जो दरवाजा किलकिला झाला, तो पदवीधर स्त्रियांसाठी बंद राहिला.

२०/
हे किती काळ चालले? लंडनहून डॉक्टरेट घेतलेल्या मार्गारेट बर्बिज यांना कार्नेगीची शिष्यवृत्ती नाकारली गेली, कारण ती पुरुषांसाठीच होती. १९५० च्या दशकात मग त्यांचे पती जेफ्री यांनी अर्ज केला. ते सिद्धान्तकार होते. दुर्बिणीवरची पाळी त्यांच्या नावावर, ते 'निरीक्षक' आणि पत्नी 'सहायक'. प्रत्यक्षात वेध घेत त्या. दोघांना मठात नव्हे, वेगळ्या झोपडीवजा घरात उतरावे लागे. तारे आपल्या पोटात मूलद्रव्ये कशी घडवतात हे सांगणारा १९५७ चा सुप्रसिद्ध शोधनिबंध ज्या चौघांचा, त्यांत पहिले नाव मार्गारेट बर्बिज यांचे आहे.

२१/
पॅलोमार डोंगरावर हेल यांच्याच प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या दोनशे इंची दुर्बिणीच्या वेधशाळेत अधिकृत परवानगीने वेध घेणारी पहिली स्त्री म्हणजे व्हेरा रुबिन. साल १९६५. तोवर दिले जाणारे एक कारण असे, की तेथे स्वच्छतागृह एकच आहे आणि ते पुरुषांचे आहे. रुबिन बाईंनी कागदाचा छोटा स्कर्ट कापला आणि दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला.